कॉलेज तंबाखूमुक्त करायचंय? पार्किंगमध्ये विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कामामुळं कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या कॉलेजांत तंबाखूमुक्तीवर बोलायला जाणं होतं. कार्यक्रमात कोण काही विचारत नाही, "काही शंका?" म्हटलं की सगळे मान खाली घालतात, आणि नंतर पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावली की चारपाच जण घोळका करून उभे. खरे प्रश्न तिथं येतात. तेच इथं घेतलेत, भाषा पण जवळपास त्यांचीच ठेवलीय.

आमच्यात 'धूम्रपान निषिद्ध'चा बोर्ड आहे की, अजून काय पाहिजे?

बोर्ड असू दे, पण आपल्याकडचं खरं दुखणं त्या बोर्डात येतच नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात (त्याला गॅट्स म्हणतात) महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं निघालं. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि खाणारे, दाढेत धरणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही. त्याच सर्वेक्षणात देशात ओढणारे १०.७ टक्के निघाले, म्हणजे सिगारेट-बिडीत आपण देशाच्या बरेच मागं आणि मळण्यात पुढं.

आकडे राहू द्या, कुठल्याही जुन्या इमारतीचा जिना चढा. पहिल्या वळणावरच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत तांबडा-काळपट थर, त्याच्या वर कुणीतरी वैतागून बसवलेली देवाची टाइल, आणि नवी पिचकारी बरोब्बर टाइल सोडून दोन बोटं बाजूला. भक्ती पण आणि नेम पण. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटलं की तेवढा कोपरा रंगवला जातो.

म्हणून पहिलं काम हे की कागदावर 'धूम्रपान' नाही, 'तंबाखू' लिहा, आणि पुढं नावं घालून लिहा: सिगारेट, बिडी, साधी पुडी, मावा (सुपारी, तंबाखू, चुना घासून करतात तो), गुटखा, साधी आणि सुगंधी सुपारी, मिश्री, हुक्का, वेप. नाव नसलं की पोरं लगेच विचारतात, "सर, मावा कुठं लिहिलाय?"

मावा खाताना पकडलं तर कायद्यानं दंड होतो का?

इथंच सगळ्यांची गफलत होते. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याचं कलम ४ सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदी घालतं. शिक्षणसंस्था त्यात स्पष्ट धरलीय आणि दंड २०० रुपयांपर्यंत. हे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. पण चघळण्याबद्दल कलम ४ एक शब्द बोलत नाही, त्यामुळं मावा खाणाऱ्याला त्या कलमाखाली पावती फाडता येत नाही.

म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या प्रश्नावर कायद्याचा हात पोचत नाही आणि तिथं कॉलेजच्या स्वतःच्या नियमाची गरज लागते. प्रवेशाच्या वेळी सही घेतो ती आचारसंहिता, स्टाफची सेवाशर्त, कॅन्टीनवाल्याचा करार, सिक्युरिटी एजन्सीचा करार, या सगळ्यात एक-एक ओळ घालायची की आवारात तंबाखूजन्य पदार्थ बाळगणं, खाणं, विकणं चालणार नाही. केंद्र सरकारची तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तीसुद्धा आचारसंहितेत हे घाला असंच सांगतात.

आणि 'आवार' म्हणजे काय तेही लिहा. कायद्यातल्या 'सार्वजनिक ठिकाण'च्या व्याख्येत मोकळ्या जागेवरनं वाद घालायला जागा राहते, मग ग्राउंडच्या कडेला बसून ओढणारा म्हणतो मी तर उघड्यावर हाय. तुमच्या नियमात ग्राउंड, पार्किंग, होस्टेल, गच्ची, कॉलेजची बस असं सगळं आलं की विषय संपला.

दंड कोण करू शकतं? सिक्युरिटीवाला करू शकतो काय?

नाही. आवारात ओढणाऱ्याला कलम ४ चा दंड करायचा अधिकार २००८ च्या नियमांत कुलगुरू, संचालक, प्रॉक्टर, प्राचार्य, मुख्याध्यापक किंवा संस्थेचा प्रभारी यांना दिलाय. वॉचमन फक्त सांगू शकतो. पावती न देता कोण शंभराची नोट मागत असेल तर ती देऊ नका.

कॉलेजात एका कोपऱ्यात 'स्मोकिंग झोन' केला तर? निदान बाकीकडं तरी बंद होईल.

करता येत नाही. तशी वेगळी जागा ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त जणांची बसायची सोय असलेलं रेस्टॉरंट आणि विमानतळ एवढ्यांनाच ठेवता येते. कॉलेज त्यात नाही.

गेटसमोरच टपरी आहे. १०० यार्डाचा नियम म्हणतात तो खरा आहे का?

खराय. कोटपाचं कलम ६. त्यात दोन गोष्टी: १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकायची नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत कुणालाच विकायची नाही, घेणारा चाळीस वर्षांचा असला तरी. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर आणि वर थोडं. मोजायचं कुठनं यावर टपरीवाले लई हुशारी करतात, मेन गेटपासनं रस्त्यानं फिरून मोजतात. नियमात कंपाउंडच्या बाहेरच्या कडेपासून चारी बाजूंनी सरळ अंतर सांगितलंय, त्यामुळं मागच्या भिंतीला चिकटून असलेली टपरी पण त्यात येते. पेठेतल्या कॉलेजला तर एक घेर काढला की त्यात दुसरी शाळा आणि तिचा घेर येतो, म्हणजे निम्मी गल्लीच बंद क्षेत्रात.

मोबाइलवर नकाशा उघडा, भिंतीच्या चारी कोपऱ्यांवरून ९२ मीटरची रेघ टाका, प्रिंट काढा. तक्रारीला हा कागद जोडला की "मोजून बघतो" म्हणून टोलवता येत नाही. रस्त्यावर पिवळी रेघ मारायची पद्धत पण आहे, महापालिकेला विचारून मारा.

मग टपरी आपण जाऊन बंद करायची का?

अजिबात नाही. दहा पोरं घेऊन जाऊन टपरीवर हुज्जत घालणं हे आंदोलन नव्हे, भांडण आहे, आणि त्यात उद्या केस पोरांवर होते. अर्ज प्राचार्यांच्या लेटरहेडवर करा. एक प्रत हद्दीतल्या पोलीस ठाण्याला, राजारामपुरी असेल नाहीतर जुना राजवाडा, जे तुमचं असेल ते. एक महापालिकेला. मावा-गुटख्याचा विषय असेल तर एक अन्न व औषध प्रशासनाला. पोच घ्या, तारीख टाकून फाइल करा. कोटपाखाली झडतीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक आणि वरच्यांना, किंवा अन्न-औषधच्या अधिकाऱ्यांना आहे, हवालदाराकडं जाऊन उपयोग नाही.

आणि पाठपुरावा सोडू नका. कलम ६ चा दंड पण २०० रुपयांपर्यंतच, चांगल्या चाललेल्या टपरीला ते तासाभराचं काम. एकदा कारवाई होऊन पेपरात फोटो आला आणि आठवड्यात टपरी परत सुरू, हे आम्ही बघितलंय. दर महिन्याला एक अर्ज गेला की मग मात्र टपरीवाला स्वतः भेटायला येतो.

पण त्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? गरीब माणूस आहे.

हा प्रश्न पोरं मनापासून विचारतात आणि मला आवडतो, कोल्हापूरच्या पोराला टपरीवाला मामा असतो, उधारी त्याच्याकडं, निरोप त्याच्याकडं, परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे कमी पडले तरी तोच. पण नियम टपरी बंद करा म्हणत नाही, तंबाखू विकू नका म्हणतो. चहा, वडापाव, झेरॉक्स, पेन, वह्या, रिचार्ज, उन्हाळ्यात सोडा-लिंबू, यावर गेटसमोरची टपरी चालते. कॉलेजनं नुसतं पत्र न देता एकदा त्याच्याशी बसून बोलावं, जर्नल-फाइल्स आपली पोरं तुझ्याकडनं घेतील असं सांगावं. सगळे ऐकतात असं नाही, माव्यात पैसा जास्त आहे. ज्याला नाहीच ऐकायचं त्याच्यासाठी वरचा अर्ज आहेच.

गुटखा तर बंद आहे ना? मग मावा बनवून देतात ते चालतं का?

महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैपासून गुटखा-पान मसाला बंद आहे, अन्नसुरक्षा कायद्याखाली, आणि तो आदेश वर्षा-वर्षानं वाढवत आणलाय. पुढं सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी आणि यांचं मिश्रण, नाव काहीही ठेवा, तेही त्यात आलं. कर्नाटकातही २०१३ पासून गुटखाबंदी आहे, त्यामुळं "निपाणीवरनं आणलाय, तिकडं चालतो" हे सांगण्यात अर्थ नाही.

मावा टपरीवर कसा होतो ते बघितलं असेल. प्लास्टिकच्या कागदावर सुपारीचा चुरा, त्यावर तंबाखू, बोटभर ओला चुना, कागद गुंडाळायचा आणि तळहातावर किंवा फळीवर घासत राहायचं, सुपारीला रंग चढेपर्यंत. मग पुडीला पीळ मारून हातात. ना वेष्टन, ना वजन, ना चित्रातला इशारा. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याला द्यावी लागते, माव्याच्या प्लास्टिकवर काय छापणार! आणि तो चुना कशाला असतो? चुन्यानं तंबाखू अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळं होतं आणि गालातनं पटकन रक्तात जातं. ती जी 'किक' म्हणतात ती चुन्याची करामत.

मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो. माझा काय संबंध?

आहे संबंध. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, तिनं २००४ मध्येच नुसत्या सुपारीला कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. तोंड उघडायचं कमी होतं तो आजार मुख्यतः सुपारीचाच, गालाच्या आतली कातडी कडक, पांढरट होत जाते. म्हणून म्हटलं, धोरणात सुपारी नाव घालून लिहा.

तोंडात काही बिघडलंय का ते घरी कसं ओळखायचं?

स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, पुढच्या दातांमध्ये घालून बघा. गेली तर बरं, दोनच जात असतील तर डेंटिस्टकडं जा. आरशात गाल, जीभ, जिभेखाली बघा: पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलेलं, गाठ. आणि सगळ्यात लवकर कळणारं लक्षण म्हणजे तिखट सोसेनासं होणं. ज्या पोरानं आयुष्यभर मिसळीचा कट पाणी पिल्यासारखा पिला, त्याला तांबड्या रश्श्याचा एक घोट झोंबायला लागला, आग आग व्हायला लागली, तर रश्श्याला दोष देऊ नका, तोंड दाखवा. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात दातांच्या ओपीडीत दाखवता येतं. जितकं लवकर जाल तितकं डॉक्टरला काही करता येतं.

स्टाफरूममध्येच मळली जाते, मग आम्हाला का शिकवतात?

बरोबर आहे तुमचं. नियम पोरांसाठी आणि स्टाफला सूट असं असेल तर ते धोरण पहिल्या आठवड्यातच मेलं. माझं स्पष्ट मत, सुरुवात स्टाफरूम आणि ऑफिसपासून करा. शिपाईमामा, क्लार्क, प्राध्यापक, संस्थेचे पदाधिकारी, सगळे त्यात. पदाधिकारी पानाचा तोबरा भरून २६ जानेवारीला झेंड्याला येतात आणि भाषणाआधी कुंडीत थुंकतात, त्यांना कोण सांगणार हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एकच, प्राचार्यांनी सांगायचं, एकट्यात, आदरानं, पण सांगायचं.

रॅली, शपथ, पोस्टर स्पर्धा यांनी फरक पडतो का?

थोडा. ३१ मे ला जागतिक तंबाखू विरोधी दिन असतो आणि तेव्हा कॉलेजला सुट्टी असते, हा एक विनोदच. मार्गदर्शक तत्त्वांत सहा महिन्यांत एक तरी उपक्रम घ्या असं आहे, तर जुलैत नवीन पोरं येतात तेव्हा घ्या, कारण बारावीपर्यंत घरात असलेलं पोरगं होस्टेलला किंवा रूमवर आलं की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच "घे की लगा, काय हुतंय" सुरू होतं. सडक्या जबड्याचे फोटो दाखवण्यापेक्षा तोंड तपासणीचं शिबिर घ्या. फोटो बघून पोरं हसतात. पण रांगेत उभं राहून डॉक्टरनं "तुझं तोंड किती दिवसांपासून कमी उघडतंय?" विचारल्यावर पुढचा मागचा सगळा आवाज बंद होतो.

आणखी एक, तालमीत जाणारी पोरं शोधा. वस्ताद ज्याला तंबाखूला हात लावू देत नाही असा पैलवान वर्गात असतोच, त्याचं पोरं ऐकतात, आमचं कमी ऐकतात.

मला सोडायचीय, पण होत नाही. खरंच काय करू?

एक तर हे मनाच्या कमजोरीचं नाही, निकोटिनची सवय मेंदूला लागलेली असते. सोडल्यावर चिडचिड, झोप उडणं, भूक वाढणं, डोकं जड, अभ्यासात लक्ष न लागणं हे होतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत उतरत जातं. त्यामुळं परीक्षेच्या आदल्या दिवशी सोडायचा मुहूर्त काढू नका.

फोन करायचा असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन १८०० ११२ ३५६, पैसे लागत नाहीत. मेसेजवर मदत पाहिजे असेल तर ०११ २२९०१७०१ ला मिस्ड कॉल द्या.

मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगम मिळतं, २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम, किती घ्यायचं ते डॉक्टरला विचारून घ्या. पण ते खायची पद्धत आहे आणि ती कोण सांगत नाही. साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावायचं नाही. हळू चावायचं, झिणझिण्या आल्यासारखं किंवा तिखट लागलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं, चव गेली की परत दोन-चारदा चावायचं. दाढेत धरायची सवय असलेल्याला हे पटकन जमतं. चहा-कॉफीनंतर १५ मिनिटं थांबा, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि पोरं म्हणतात "काय कामाचं नाही हे."

बाकी वेळ ओळखा. बहुतेकांचं ठरलेलं असतं: जेवल्यावर, चहानंतर, लायब्ररीतनं बाहेर आल्यावर, गाडी सुरू करताना. त्या वेळेला खिशात बडीशेप, लवंग, भाजके शेंगदाणे ठेवा. रंकाळ्यावर संध्याकाळी ज्या कट्ट्यावर पुडी फिरते तिथं महिनाभर बसू नका, दुसऱ्या बाजूला बसा. मध्येच एकदा खाल्ली गेली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही, दुसऱ्या दिवशी परत सुरू करा.

होस्टेलवर झडती घ्यावी का?

मला पटत नाही. बॅगा उलट्या करून पुडी सापडते, पोरगं हुशार होतं आणि पुढच्या वेळी पुडी बुटात. त्यापेक्षा रेक्टरनं पहिल्यांदा सापडल्यावर समुपदेशनाला पाठवावं, दुसऱ्यांदा घरी कळवायच्या आधी पोराला सांगावं, तिसऱ्यांदा लेखी कारवाई. एकदम काढून टाकलं तर गावाकडनं आलेलं पोरगं शिक्षणच सोडतं आणि तंबाखू तशीच राहते.

वेप आणि हुक्का?

वेप म्हणजे ई-सिगारेट, २०१९ च्या कायद्यानं देशभर बनवणं, विकणं, मागवणं, जाहिरात, साठवणं सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'फक्त फ्लेवर हाय' म्हणून बॅगेत आणून वर्गात विकणारं पोरगं या कायद्यात विक्रेताच ठरतं, हे एकदा सांगून ठेवा. हुक्का पार्लर राज्यात २०१८ पासून बंद.

पोरींचा काय संबंध, त्यांना कशाला बोलावता कार्यक्रमाला?

मिश्री. घरात आजी लावते, आई लावते, दात दुखला की लेकीला "जरा लाव, थांबतंय" म्हणते. ती भाजलेली तंबाखूच आहे, दंतमंजन नाही. पोरी कार्यक्रमात कधी बोलत नाहीत, पण मुलींच्या वर्गात मॅडमनी वेगळं बोलल्यावर बऱ्याच जणी घरच्यांसाठी विचारतात.

आमच्या शेतात तंबाखू असते. मी कॉलेजात विरोधात घोषणा द्यायच्या का?

निपाणीच्या आणि कागलच्या पट्ट्यातली पोरं हे विचारतात, जरा अवघडून. तंबाखू पिकवणारा शेतकरी हा या धोरणाचा विषय नाही. निपाणीत १९८१ ला तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी रस्ता अडवला होता, गोळीबारात माणसं गेली, त्या भागात हे अजून घराघरात माहीत आहे, तिथल्या पोराला "तुमच्या बापाच्या पिकामुळं" असं बोलणं मूर्खपणा आहे. घोषणा नको असतील तर देऊ नको. एक मात्र घरी सांग, ओल्या पानांत काम करताना निकोटिन कातडीतनं आत जातं, मळमळ, चक्कर, उलट्या होतात, तर दव असताना पानं हाताळू नयेत आणि हात झाकून काम करावं.

गॅदरिंगला पान मसाला कंपनीचा स्पॉन्सर मिळतोय, फक्त वेलचीचं नाव टाकणार आहेत. घ्यायचा का?

नाही घ्यायचा. कोटपाच्या कलम ५ नं तंबाखूची सरळ-आडून जाहिरात आणि प्रायोजकत्व दोन्ही बंद आहे. वेलचीचं पाकीट कुठल्या नावानं येतंय हे स्टेजसमोरच्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. दुधाचा संघ, सराफ, मिसळवाले, बाइकचं शोरूम, कोल्हापुरात स्पॉन्सरला तोटा नाही.

कमिटीत कोण असावं?

प्राचार्य किंवा उपप्राचार्य, एनएसएस किंवा एनसीसीचे एक सर किंवा मॅडम, रेक्टर, ऑफिसमधला एक जण, आणि प्रत्येक वर्षाचे दोन विद्यार्थी, त्यात एक तरी मुलगी. मार्गदर्शक तत्त्वांत यांना तंबाखू मॉनिटर म्हटलंय, पण पोरांना 'मॉनिटर' म्हटलं की शाळा आठवते, नाव काहीही द्या. आधी खाणारा आणि आता सोडलेला एक जण घ्याच. चुगली करणारा घेऊ नका.

बोर्डावर नेमकं काय लिहायचं?

धूम्रपानबंदीचा बोर्ड ६० बाय ३० सेंटिमीटरचा, आणि तक्रार कुणाकडं करायची त्या व्यक्तीचं नाव त्यावर. गेटबाहेर दुसरा बोर्ड: या संस्थेपासून १०० यार्डांत सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थ विकणं गुन्हा आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. हा लावायची जबाबदारी संस्थेचीच. तिसरा तुमचा स्वतःचा, जिन्यात, पार्किंगला, कॅन्टीनजवळ: "या आवारात तंबाखू, मावा, गुटखा, सुपारी, सिगारेट, वेप चालणार नाही. सोडायला मदत पाहिजे तर १८०० ११२ ३५६." तक्रारीसाठी निवृत्त झालेल्या प्राचार्यांचं नाव तसंच ठेवू नका, जो माणूस रोज कॉलेजात येतो आणि फोन उचलतो त्याचं टाका.